मागचा ब्रेक धरून राहतोय, चाक तापतंय: काहीही बदलण्याआधी दोष कसा शोधायचा

मागचं एक चाक तापतं, जळका वास येतो, चढावर गाडी जड वाटते. गॅरेजमध्ये ड्रम (चाकासोबत फिरणारं बिडाचं गोल भांडं) काढतात, लायनर (ड्रमला आतून घासून चाक अडवणारे ब्रेकचे तुकडे) बदलतात, गाडी परत येते. पंधरा दिवसांनी तेच चाक, तोच वास. मग व्हील सिलिंडर (ऑईलच्या दाबाने लायनर ढकलणारा) बदलतो, मग स्प्रिंगा. माझ्या गाडीच्या डाव्या मागच्या चाकाला दोनदा लायनर आणि एकदा सिलिंडर बसला. दोष निघाला हँडब्रेकच्या केबलमध्ये, ज्याला तोवर कोणी हात लावला नव्हता.

असं होतं कारण तपासणी उशिरा सुरू होते. चाक थंड झालं, केबल सैल केली, ड्रम निघाला की काय अडकलं होतं त्याचा पुरावाच जातो. ब्रेक अडकलेला असतानाच चाचण्या घ्यायच्या, तेही ठरावीक क्रमाने. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: ब्रेक लावताना पायाचा किंवा हाताचा जोर असतो, पण सोडताना काम करते फक्त स्प्रिंग. त्यामुळे गंज, खारं वारं किंवा चिखलाने वाट थोडी जड झाली, तरी ब्रेक लागतो व्यवस्थित, सुटत मात्र नाही.

इथली माहिती मुख्यतः मागे ड्रम ब्रेक असलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांसाठी आहे. मागे डिस्क असेल तर फरक शेवटी दिला आहे.

रस्त्यातच धूर दिसला तर

गाडी कडेला घ्या. हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ड्रमवर लायनर दाबून ठेवले तर ते तिथेच चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. पाणी ओतू नका, लाल झालेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी पडलं की तडा जातो. अर्धा-पाऊण तास थांबा.

> थांबा: ब्रेकचा पेडल मऊ लागत असेल किंवा खोल जात असेल, तर ब्रेक ऑईल उकळून त्यात वाफ झाली असू शकते. थंड झाल्यावर पेडल बरा वाटला तरी आंबा किंवा कुंभार्लीसारखा घाट त्या गाडीने उतरू नका. चारही चाकं उचलून नेणारी गाडी बोलवा.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑईलचा एक प्रकार) किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑईलसाठी हीच मर्यादा १४० अंश आहे. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आपल्याकडच्या दमट हवेत चार-पाच वर्षं न बदललेलं ऑईल काय अवस्थेत असेल याचा अंदाज यावरून करा.

तयारी

जागा सपाट आणि टणक हवी. शेणाने सारवलेलं खळं दिसायला सपाट असतं, पण जॅक त्यात रुततो. सिमेंटचं अंगण किंवा फरशी बघा.

हत्यारं: जॅक, दोन लोखंडी स्टँड, चाकाचा पाना, निपलच्या (चाकामागचा, ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) मापाचा रिंग पाना (बहुधा ८ किंवा १० मिमी), निपलवर बसेल अशी पारदर्शक नळी, रिकामी बाटली, ब्रेक क्लीनर, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, मास्क. ब्रेक ऑईल सीलबंद डब्यातलंच घ्या आणि ते टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच असू द्या. वर्षभरापूर्वी फोडलेला डबा कपाटात असेल तर तो विसरा. चाचण्यांसाठी एक माणूसही लागतो, पेडल दाबायला.

> जांभ्याच्या चिऱ्याबद्दल: चाकाला अडकण म्हणून चिरा उत्तम. पण गाडी उचलून तिच्याखाली आधार म्हणून चिरा कधीही ठेवू नका. जांभा दाबाखाली अचानक फुटतो. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखालीही हात-डोकं घालायचं नाही.

मागची चाकं उचलून हँडब्रेक सोडायचा आहे, म्हणजे गाडी फक्त पुढच्या चाकांवर थांबणार. गिअर टाका आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून असे चार चिरे लावा. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर चाक फिरवून बघायला ती न्यूट्रलमध्ये ठेवावी लागते. तेव्हा हे चिरेच एकमेव आधार असतात.

निपलची तयारी आदल्या रात्रीची. समुद्राजवळच्या गाडीचा निपल गंजून बसलेलाच असतो. त्याच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे थोडासा मारा. ड्रमच्या फटीत तो जाता कामा नये.

१. तापणारं चाक नक्की करा

घाट उतरून आल्यावर हात लावून "हे चाक जास्त तापलंय" ठरवू नका. घाटात सगळीच चाकं तापतात. आठ-दहा किलोमीटर सपाट रस्त्यावर, शक्य तितका कमी ब्रेक वापरत गाडी चालवा. कोकणात एवढा सपाट रस्ता शोधणं हेच अर्धं काम! सड्यावरचा रस्ता किंवा खाडीकाठचा तुकडा दोन वेळा फिरा, तेवढं पुरतं. शेवटी गाडी आपोआप मंद होऊ द्या आणि हँडब्रेक न ओढता थांबवा.

आता चारही चाकांजवळ हाताचा पंजा न्या. ड्रमला बोट लावू नका. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चांगलंच, पण तो चकचकीत अलॉयवर धरू नका. चमकदार धातूवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. चारही ठिकाणी गंजकट, मळकट पृष्ठभागावर मापा आणि आकडे लिहून ठेवा.

ब्रेकचा मोठा भार पुढची चाकं घेतात, म्हणून ती मागच्यापेक्षा गरम असणं स्वाभाविक आहे. मागचं एक चाक पुढच्याइतकं किंवा त्याहून गरम, आणि त्याच्या जोडीचं मागचं चाक कोमट, असं असेल तर दोषी सापडलं. दोन्ही मागची चाकं गरम असतील तर आधी हँडब्रेकच्या मधल्या जोडणीवर संशय. चारही गरम असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चारही चाकांकडे ऑईल ढकलणारा मुख्य सिलिंडर) आणि पेडल.

शेजाऱ्याच्या गाडीचं चाक तापतं म्हणून मी तपासायला गेलो, तेव्हा त्याच्या आईने पडवीतूनच विचारलं, "हँडब्रेक काढूक इसारलंस काय?" डॅशबोर्डवरचा लाल दिवा महिनाभर पेटत होता; त्याला वाटायचं, बल्बच खराब आहे. तेव्हा आधी दिवा बघा. लिव्हर पूर्ण खाली असूनही तो पेटलेला असेल, तर ऑईलची पातळीही बघा.

२. चाक गरम असतानाच चार चाचण्या

हाच या कामाचा गाभा. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक चाचणी आधीच्या चाचणीचा पुरावा पुसते.

*पहिली: हाताने फिरवा.* मागचा भाग उचला, स्टँडवर टेका, हँडब्रेक पूर्ण सोडा. दोन्ही मागची चाकं फिरवून तुलना करा. लायनर ड्रमला हलके घासल्याचा आवाज चालतो, चाक मात्र हाताच्या एका झटक्यात वेढा-दीड वेढा गेलं पाहिजे. मग चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खटखट लागली किंवा फिरताना घरघर ऐकू आली तर तो बेअरिंगचा दोष आहे. बेअरिंगही चाक तापवतं आणि बिचाऱ्या ब्रेकवर आळ येतो.

चाक मोकळं फिरत असेल तर ते अडकवून बघा. सोबतच्या माणसाला पेडल चार-पाच वेळा जोरात दाबून सोडायला सांगा, लगेच चाक फिरवा. मग हँडब्रेक ओढून सोडा, पुन्हा फिरवा. कशानंतर अडकलं ते लिहून ठेवा.

*दुसरी: केबल सैल करा.* हँडब्रेकच्या लिव्हरखाली, कव्हर काढल्यावर ॲडजस्टिंगचा नट दिसतो. काही गाड्यांत तो गाडीच्या पोटाखाली असतो. किती आटे बाहेर आहेत त्याचा फोटो घ्या आणि नट सैल करा. चाक सुटलं, तर केबल नको तितकी ताणलेली आहे. लिव्हर खाली असताना केबल मुळातच सैल होती आणि तरी चाक धरलेलं आहे, तर गाडीखाली जाऊन ड्रमकडचं केबलचं टोक बघा. नट सैल केल्यावर ते मागे सरकतं का? केबल लिव्हरकडे मोकळी आणि ड्रमकडे ताठ असेल, तर ती आपल्या नळीत गंजून अडकली आहे. माझ्या गाडीत नेमकं हेच होतं.

*तिसरी: निपल उघडा.* केबलचा दोष नाही हे ठरल्यावरच. निपलवर नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. रिंग पान्याने पाव ते अर्धा वेढा उघडा.

- ऑईल जोराने उसळलं आणि चाक सुटलं: पाईपमध्ये दाब कोंडलेला होता. चौथी चाचणी करा.
- ऑईल थेंबथेंब आलं, चाक तसंच घट्ट: दोष ड्रमच्या आत आहे. गंजून बसलेला पिस्टन याच प्रकारात मोडतो. दाब गेला तरी तो मागे सरकत नाही.

> तपासा: निपल उघडा असताना कोणीही पेडल दाबून सोडू नये. हवा आत ओढली जाते. निपल बंद केल्याशिवाय पुढची चाचणी नाही.

*चौथी: दाब कुठे कोंडला?* पेडल दाबून चाक पुन्हा अडकवा. आता मास्टर सिलिंडरकडून येणारा लोखंडी पाईप रबरी होजला (चाकाकडे ऑईल नेणाऱ्या नळीला) जिथे मिळतो, तो जोड किंचित सैल करा. चाक सुटलं तर कोंडी त्या जोडापासून मास्टर सिलिंडरच्या बाजूला आहे. चाक सुटलं नाही, पण निपल उघडल्यावर सुटतं, तर होज आतून फुगून बुजलेला आहे. बाहेरून तो धडधाकट दिसतो. पायाचा जोर ऑईल आत ढकलतो, पण लायनरच्या स्प्रिंगांना ते परत ढकलणं जमत नाही.

दोष मास्टर सिलिंडरच्या बाजूला निघाला, तर तो बदलण्याआधी पेडल बघा. हाताने दाबल्यावर सुरुवातीचे काही मिलिमीटर त्याने रिकामे गेले पाहिजेत. ही ढील नसेल, तर मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑईल टाकीत परतण्याचं भोक झाकलेलं राहतं आणि गाडी चालते तसं तापून फुगलेलं ऑईल ब्रेक आणखी दाबत जातं. पेडलखाली दुमडलेली जाड मॅट किंवा चुकीचा बसवलेला ब्रेकलाईटचा स्विच एवढंही कारण पुरतं.

३. ड्रम काढणं

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी न उघडलेली बाजू हाच तुमचा नकाशा. उघडल्या उघडल्या फोटो घ्या.

ड्रम निघत नसेल तर हातोडीने कडेवर ठोकू नका, कड तुटते. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन भोकं असतात, त्यांत बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत जा. तरीही निघेना, तर लायनरनी ड्रमच्या आत खाच पाडली आहे. ड्रममागच्या पत्र्यातल्या भोकाचं रबरी बूच काढून ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) उलटा फिरवा. काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं आणि मधला मोठा नट काढावा लागतो. तो नट नवा लागतो आणि टॉर्क रेंचनेच आवळायचा असतो. रेंच नसेल तर एवढं काम गॅरेजला द्या.

आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा तोंडाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. रॉकेल-पेट्रोल वापरू नका, सिलिंडरची रबरं फुगतात.

४. आत काय बघायचं

व्हील सिलिंडरच्या टोपीची कड हळूच उचला. आत ओल असेल तर सिलिंडर बदला. मग दोन्ही बाजूंचे पिस्टन अंगठ्याने आळीपाळीने दाबा. एक सरकतो आणि दुसरा दगडासारखा असेल, तर तो गंजला आहे. तो पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याची पद्धत आहे. मी ती करत नाही. घासलेल्या सिलिंडरची भिंत खडबडीत होते आणि रबर महिन्या-दोन महिन्यांत गळायला लागतं.

स्प्रिंगा दोन्ही बाजूंच्या शेजारी ठेवून बघा. निळसर पडलेली, वेढ्यांमध्ये फट दिसणारी स्प्रिंग तापून मेलेली आहे.

आता ज्याकडे जवळपास कोणीच बघत नाही ते. मागच्या पत्र्यावर लायनर टेकून सरकतात असे उंचवटे असतात. वर्षानुवर्षं घासून त्यांत खाच पडते, लायनर त्या खाचेत अडकतो आणि मागे येत नाही. नवे लायनरही त्याच खाचेत अडकणार. खाच उथळ असेल तर घासून सपाट करा, खोल असेल तर पत्रा बदला. उंचवट्यांवर ब्रेकसाठीचं, उष्णता सोसणारं ग्रीस नखाएवढं पुरे. साधं ग्रीस वितळून लायनरवर येतं. कोणी खोबरेल सुचवेल, त्याला चहा पाजून घरी पाठवा.

ॲडजस्टरचा स्क्रू हाताने फिरतो का बघा. डावा-उजवा ॲडजस्टर वेगळा असतो, अदलाबदल झाली तर तो लांबण्याऐवजी उलटा फिरतो किंवा कामच करत नाही. लायनरवरची हँडब्रेकची पट्टी पूर्ण मागे जाऊन टेकते का, हेही तपासा.

केबल पकडीने ओढून सोडा. झटकन परतली पाहिजे. रेंगाळली तर बदला, आणि दोन्ही बाजूंच्या केबल बदला. नळीत तेल सोडलं की ती दोन दिवस छान चालते. पुढच्या पावसात पुन्हा आखडते. तिचं टोकाचं रबर फाटून तिथूनच पाणी शिरलेलं असतं.

ग्रीस किंवा ऑईल लागलेले, तडे गेलेले, पत्र्यापासून सुटू लागलेले लायनर दोन्ही चाकांचे एकत्र बदला. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापुढे गेलेला ड्रम टर्निंगला (लेथवर घासायला) देऊ नका.

५. जोडणी: आधी लायनर, सगळ्यात शेवटी केबल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लायनर आणि ड्रममधलं अंतर जास्त असलं की हँडब्रेक वर येतो, आणि लोक केबल आवळून तो खाली आणतात. मग आतली पट्टी कायम थोडी ओढलेली राहते, ॲडजस्टर काम करत नाही आणि चाक तापतं.

1. केबल पूर्ण सैल ठेवा.
2. ड्रम जेमतेम घासून बसेल इतका ॲडजस्टर बाहेर काढा.
3. दोन्ही ड्रम बसवा. ऑईलचा पाईप उघडला असेल तर हवा काढून घ्या. क्रम गाडीच्या पुस्तकात असतो. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. रंगावर सांडलेलं ऑईल लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो.
4. पेडल दहा-पंधरा वेळा दाबा, म्हणजे लायनर आपापल्या जागी येतील.
5. आता केबल आवळा, लिव्हर पुस्तकात दिलेल्या खटक्यांवर अडेल इतकीच.

> तपासा: लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्ही चाकं सारखीच मोकळी फिरली पाहिजेत, आणि वर ओढल्यावर दोन्ही सारखीच अडली पाहिजेत. एक आधी अडत असेल तर पायरी 2 वर परत.

टाकीत ऑईल भरताना चूक परवडत नाही. इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑईल थोडंसं पडलं तरी सगळ्या सिलिंडरची रबरं फुगतात आणि चारही चाकं धरतात.

मागे डिस्क असेल तर

पहिल्या तीन चाचण्या तशाच. आत बघायचं ते वेगळं: कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या-गंजलेल्या आहेत का, पॅड आपल्या खाचेत गंजाने फसलेत का, आणि हँडब्रेकची कॅलिपरवरची दांडी आपल्या टेकूपर्यंत परत येते का. किनाऱ्यावरच्या गाड्यांत ही दांडी नेहमीची गुन्हेगार. अशी दांडी असलेल्या कॅलिपरचा पिस्टन बहुतेक वेळा नुसता दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. क्लॅम्पने रेटलात तर आतली यंत्रणा मोडते. बटणाचा हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो, तोवर हात लावू नका.

पावसात उभी राहणारी गाडी

चाकरमानी गणपतीला येतात आणि गाडी घरी ठेवून जातात, ती शिमग्याला सुरू होते. अशी गाडी हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअर आणि चिरे. चाक चिकटलेलं आढळलं तर रेस करून हिसका देऊ नका, लायनर पत्र्यावरून सोलून निघतो. पुढे-मागे हळूहळू हलवा, नाही सुटलं तर चाक काढून ड्रमवर सगळीकडून हलके ठोका.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने आलात, किंवा मुलांच्या हट्टापायी गाडी पुळणीत घातलीत, तर घरी आल्यावर चाकं आणि पोट गोड्या पाण्याने धुवा. मग लगेच उभी करू नका. किलोमीटरभर चालवून ब्रेक हलके दाबत ड्रम सुकवा.

६. शेवटची फेरी

पहिल्या पायरीतलाच रस्ता, तेवढंच अंतर, तसाच कमी ब्रेक. दोन्ही मागची चाकं मापा आणि आधी लिहिलेल्या आकड्यांशी ताडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मापा, कारण नवे लायनर पहिल्या दिवशी थोडे गरम होतातच. दोन्ही दिवशी डाव्या-उजव्यात ठळक फरक नसेल, तरच गाडी घाटात घाला. चाकाचे नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, आणि निघण्याआधी पुढच्या चाकांचे चारही चिरे काढले का ते बघा.